लाळेला गाव विचारू नका

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय, कलिना, मुंबई

स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्यातल्या साखरपट्ट्यात मी २१ वर्षं दातांचा दवाखाना चालवते आहे. न्यायवैद्यक हा काही माझा रोजचा विषय नाही, पण तोंड हा आहे. दिवसाला तीस-पस्तीस तोंडं बघते. हे पत्र लिहायला बसले त्याला कारण घडलं एका प्रशिक्षण वर्गात. तपासी अधिकारी, सरकारी वकील, ग्रामीण रुग्णालयांतले डॉक्टर असे आम्ही साठेकजण होतो. एका वक्त्यांनी पडद्यावर चहाचा उष्टा कप दाखवला, त्याच्यापुढे बाण, आणि बाणाच्या टोकाला भारताचा नकाशा. ते म्हणाले, "येत्या काही वर्षांत लाळेतल्या जीवाणूंवरून माणूस कुठल्या भागातला आहे ते आपण सांगू शकू." टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी माझ्या शेजारचे फौजदार उत्साहाने म्हणाले, "म्हणजे लोकल आहे की बाहेरचा, लगेच कळणार."

त्या वाक्याने मला त्या रात्री झोप लागली नाही.

का, ते सांगायला एका बाईपासून सुरुवात करते. दर जानेवारीत आम्ही काही डॉक्टर मिळून एका कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांची तपासणी करतो. या वर्षी बीडकडची एक बाई, चाळिशीची असेल, कोपीच्या दाराशी बसून मशेरी लावत होती. डाव्या तळहातावर काळी पूड, उजव्या हाताची तर्जनी, आधी वरच्या हिरड्या, मग खालच्या, मग ओठ मिटून तशीच बसून राहिली. मशेरी घरचीच, तंबाखू तव्यावर काळा होईतो भाजून हाताने चुरलेला. ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, मार्च-एप्रिलला परतायचं. यंदा आमच्याकडे, गेल्या वर्षी बेळगाव जिल्ह्यात, त्याआधी इंदापूरकडे. दर हंगामाला पाणी वेगळं, शेजार वेगळा. ब्रश तिने कधी हातात धरलेला नाही. खालचे पुढचे दात कीटाने एकमेकांना सांधल्यासारखे झाले होते. स्केलर लावला तेव्हा काळपट-हिरवं कवच तुकड्यातुकड्यांनी निघालं आणि मागून रक्त आलं. मी म्हटलं, मशेरी सोडा. ती म्हणाली, "डाक्टरीण बाई, दात ठणकला की मशेरी लावायची, मग गप बसतो तो."

त्या दिवशी तिची लाळ कुणी नळीत घेतली असती, तर त्यातल्या जीवाणूंनी कुठल्या जिल्ह्याचं नाव घेतलं असतं? बीडचं, सांगलीचं, का बेळगावचं? त्यांनी एवढंच सांगितलं असतं की या तोंडात तंबाखू आहे, हिरड्यांचा जुना आजार आहे, कीट कधी काढलेलं नाही. अशीच तोंडं मी इथल्या पिढीजात गावकऱ्यांचीही बघते. बिहारमधून वीटभट्टीवर आलेल्यांचीही बघते.

माणसाच्या तोंडात आजवर ७०० च्या आसपास जातींचे जीवाणू सापडले आहेत. सगळे एकाच तोंडात नसतात, आणि असतात तेही सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. जिभेच्या पाठीवर एक वस्ती, गालाच्या आत दुसरी, दाताच्या मुळाशी हिरडीखाली तिसरीच. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांतलं पांढरं कीट पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरलं आणि १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की यात जिवंत हालचाल दिसते आहे. तो स्वतःच्या तोंडावर थांबला नाही. इतरांचंही कीट त्याने तपासलं. त्यात एक म्हातारा असा होता की ज्याने जन्मात दात घासले नव्हते. त्याच्या कीटात या जिवांची नुसती दाटी होती. म्हणजे तोंडातोंडांत फरक असतो हे या शास्त्राच्या पहिल्याच पत्रात आहे. आणि तिथे फरकाचं कारण गाव नव्हतं. सगळी माणसं तिथल्या तिथलीच होती.

आता भूगोलाचं बघू. २००९ साली जर्मनीत लायप्झिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या उत्क्रांती-मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी जगातल्या १२ ठिकाणांहून १२० माणसांची लाळ गोळा केली. त्यांना जीवाणूंच्या १०१ प्रजाती मिळाल्या (एका प्रजातीत अनेक जाती येतात). माणसामाणसांत फरक पुष्कळ निघाला. पण एका ठिकाणची दोन माणसं एकमेकांना जवळची आणि दूरदेशीची दोन माणसं लांबची, असं चित्र जवळपास दिसलंच नाही. दोन वर्षांनी त्याच अभ्यासकांनी युगांडातल्या बाटवा लोकांची लाळ पाहिली. हा पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि कंदमुळांवर जगलेला समाज. त्यांच्या लाळेत आफ्रिकेतल्याच शेतकरी समाजांपेक्षा जास्त विविधता आढळली. भूगोलाचा ठसा सापडलाच, तर तो असा सापडतो. खंड तोच आहे, वेगळं आहे ते जगणं.

याच्या उलट बाजूचा अभ्यासही आपल्यापुढे ठेवते, कारण त्या वक्त्यांच्या बोलण्याला आधार बहुधा तोच असावा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार यांच्या गटाने १९२ माणसांच्या तोंडातले जीवाणू वाचले. माणसं चार वांशिक गटांतली, राहणारी सगळी अमेरिकेतच. संगणकाला शिकवलं आणि विचारलं, हा नमुना कुठल्या गटातला? एकंदरीत ६२ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. अभ्यास म्हणून हे महत्त्वाचं आहे, हिरड्यांचे आजार काही समाजांत जास्त का दिसतात हे समजायला त्याचा उपयोग आहे. पण कोर्टाच्या दृष्टीने बघा. शंभर माणसांतल्या अडतीस जणांच्या बाबतीत यंत्र चुकीचा गट सांगतं. चारच गट असताना ही गत आहे. आपल्याकडे एका तालुक्यात किती समाज, किती बोली, किती तऱ्हेची जेवणं आहेत?

मग तोंडातली वस्ती ठरवतं कोण? माझ्या मते सगळ्यात मोठा घटक घर. २०१२ मध्ये कोलोरॅडोत जुळ्या मुलांची लाळ काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा तपासली गेली. एकाच बीजाची जुळी साध्या जुळ्यांपेक्षा एकमेकांना फार जवळची निघाली नाहीत. आणि मुलं मोठी होऊन वेगवेगळी राहायला लागली तशी त्यांच्या लाळेतली सारखेपणाची खूणही पुसट होत गेली. २०१७ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी एका मोठ्या अश्केनाझी ज्यू कुटुंबातल्या १५७ नातेवाइकांची लाळ तपासली. हे लोक वेगवेगळ्या खंडांवरच्या शहरांत राहतात, पण त्यांचं खाणंपिणं, धर्माचार सारखे. तिथेही रक्ताच्या नात्यापेक्षा एका छपराखाली राहणं भारी पडलं. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाच्या निकोला सेगाता यांच्या गटाने २०२३ मध्ये कितीतरी देशांतले हजारो नमुने एकत्र केले, तेव्हा दिसलं की एकत्र राहणाऱ्या माणसांच्या तोंडातले साधारण एक तृतीयांश वाण सामाईक असतात. नेदरलँड्समध्ये तर कुणी मोजूनच पाहिलं. दहा सेकंदांच्या एका चुंबनात सुमारे आठ कोटी जीवाणू इकडचे तिकडे होतात.

एका ताटात जेवणारी, एकाच तांब्याने पाणी पिणारी, आईने आधी चाखून मग मुलाच्या तोंडात घास घालणारी आपली घरं. या घरांत भावाभावांच्या, सासू-सुनांच्या तोंडातले जीवाणू वेगळे काढून 'हा याचाच' असं शपथेवर कोण सांगणार? आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या सहा कुटुंबांतल्या ५४ निरोगी माणसांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. आतडं, त्वचा आणि तोंड, तिन्हींकडचे नमुने. वयाप्रमाणे बदलणारे जीवाणूगट आतड्यात १.०३ टक्के, त्वचेवर २.६८ टक्के आणि तोंडात ८.६६ टक्के. घर तेच, चूल तीच, तरी आजोबांचं तोंड आणि नातवाचं तोंड वेगळं, आणि हा वयाचा फरक सगळ्यात जास्त तोंडातच. यात तंबाखू मिळवा. अमेरिकेत १,२०४ प्रौढांच्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांच्या तोंडातली वस्तीच बदललेली दिसली, आणि सोडून दिलेल्यांची पुन्हा न ओढणाऱ्यांसारखी झालेली दिसली. आपल्याकडे सिगारेट किती आणि मशेरी, गुटखा, चुना-तंबाखू किती, ते मी आपल्याला सांगायला नको. त्या वक्त्यांच्या नकाशात या कशाचाच रंग नव्हता.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट लिहायची आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

चौदा वर्षं झाली. एका पोलीस ठाण्यातून माझ्याकडे एका मुलीच्या दंडावरच्या चाव्याचा फोटो आला, आणि सोबत एका ऊसतोड मजुराच्या दातांचे साचे. मी तरुण होते, विश्वासाने विचारलं गेलं याचा अभिमान वाटला. साच्यावर ट्रेसिंग कागद धरला, दातांच्या कडा उतरवल्या, फोटोवर ठेवल्या. डावीकडचा सुळा जरा वळलेला होता, फोटोतही तसंच काहीतरी वाटलं. मी लिहून दिलं, 'सदर खूण संशयिताच्या दंतरचनेशी सुसंगत आहे.' सही केली, शिक्का मारला.

त्या ओळीवर तो माणूस महिना-दीड महिना आत राहिला. सुदैवाने तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुलगी आली त्याच रात्री चाव्याच्या जागेवरून आधी ओला आणि मग कोरडा बोळा फिरवून, सावलीत वाळवून, सील करून ठेवला होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा कळलं की त्या बोळ्यावरचा डीएनए त्याचा नव्हताच. तो सुटला. तोवर टोळी पुढच्या फडावर गेली होती, उचल फिटायची राहिली होती, बायको दोन मुलांना घेऊन एकटीच मोळ्या बांधत होती. सुटल्यानंतर आठ दिवसांनी तो माझ्या दवाखान्यात आला. दाढ दुखत होती. तो कागद मी लिहिला होता हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याची दाढ काढली, पैसे घेतले नाहीत, आणि त्याला काही सांगितलंही नाही.

त्यानंतर मी चाव्याच्या खुणांबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचलं. अमेरिकेत ॲरिझोनात रे क्रोन नावाच्या माणसाला १९९२ मध्ये मुख्यतः दातांच्या खुणेवरून खुनाबद्दल दोषी धरून फाशीची शिक्षा दिली. २००२ मध्ये डीएनए चाचणीत खुनी दुसराच निघाला आणि क्रोन सुटला. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने स्पष्टच लिहिलं की चाव्याच्या खुणांवरून माणूस ओळखण्याला पुरेसा शास्त्रीय पाया नाही. कितीतरी वर्षं कोर्टांनी जे मान्य केलं, त्याच्यावर हा शेरा. पाया तपासायच्या आधी इमारत वापरात आली, त्यात माणसं भरडली गेली. माझ्या हातूनही एक.

जीवाणूंच्या बाबतीत तीच वाट आपण पुन्हा चालू नये एवढ्यासाठी मी लिहिते आहे. कारण आपल्याकडे अहवालाला वजन फार असतं. सरकारी प्रयोगशाळेचा कागद, कोर्टात ज्याला सगळे 'सीए रिपोर्ट' (केमिकल ॲनालायझरचा अहवाल) म्हणतात, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. कोर्ट बोलावू शकतं, पण बहुतेक वेळा बोलावत नाही. आणि ज्याच्याविरुद्ध तो कागद आहे त्याचा वकील, असलाच तर, १६-एस हे शब्द पहिल्यांदाच ऐकत असतो.

१६-एस म्हणजे प्रत्येक जीवाणूत असणारं एक जनुक. त्याचा काही भाग सगळ्यांत जवळजवळ सारखा, काही भाग जातीप्रमाणे वेगळा. तो वेगळा भाग वाचायचा आणि कोण किती आहे ते मोजायचं, ही आजची रूढ पद्धत. पण त्या जनुकाचा कुठला तुकडा वाचला, पेशी फोडायला कुठली पद्धत वापरली, तुलनेसाठी कुठला साठा घेतला, यावर निकाल हलतो. एकच लाळ दोन प्रयोगशाळांत दोन तऱ्हांनी वाचली तर आकडे दोन येऊ शकतात. त्यात आपला मुद्देमाल. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला ओलसर रुमाल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यावर कोण वाढलं आणि कोण मेलं, हे कोण सांगणार? माणसाचा डीएनए खराब होतो, पण तो दुसऱ्या माणसाचा होत नाही. जीवाणूंची वस्ती मात्र पाकिटात बसल्या जागी बदलते. आपल्या सहकाऱ्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नमुने वेळेत पोचावेत म्हणून ते किती पत्रं लिहितात तेही मला ऐकून माहीत आहे.

यात उपयोगाचं काय आहे, तेही मोकळेपणाने लिहिते. डाग लाळेचा आहे की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर जीवाणू खरोखर मदतीला येतात. आजची चाचणी अमायलेज या लाळेतल्या पाचक एन्झाइमवर चालते, आणि अमायलेज शरीरातल्या इतर स्रावांतही थोडंथोडं सापडतं. स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस हा जीवाणू मात्र तोंडाचा पक्का रहिवासी. तो सापडला तर डाग लाळेचा असल्याला बळकटी येते, आणि जपानमध्ये २००९ पासून यावर काम झालेलं आहे. जिथे माणसाचा डीएनए उरलेला नाही किंवा अगदी थोडा आहे अशा चाव्यांवरही हे शास्त्र पुढे कामाला येईल. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१२ मध्ये १६ स्वयंसेवकांनी स्वतःच्याच दंडाला चावून घेतलं, त्या खुणेवरचे स्ट्रेप्टोकॉकस आणि त्यांच्याच दातांवरचे स्ट्रेप्टोकॉकस ताडून पाहिले, आणि बहुतेक वेळा ते जुळले. फार आशादायक काम आहे. पण सोळा माणसं, स्वतःचाच दंड, ताजी खूण. माझ्या त्या मुलीच्या दंडापर्यंत पोचायला यापुढे बरंच चालायचं आहे. ते चालणं आपल्या प्रयोगशाळांनी करावं असं मला मनापासून वाटतं. अत्याचाराच्या गुन्ह्यात लाळेचा एक खात्रीचा डाग मुलीला दहा वेळा तीच कहाणी सांगण्यापासून वाचवतो.

माझी हरकत आहे ती 'कुठला' या प्रश्नाला. 'लाळ आहे का' आणि 'या दोन नमुन्यांत साम्य आहे का' हे प्रश्न वस्तूबद्दल आहेत. 'कुठला' हा प्रश्न माणसाबद्दल आहे, आणि आपल्या राज्यात तो कुणाला विचारला जातो हे आपल्यालाही ठाऊक आहे.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. फिरणाऱ्या माणसांना जन्मानेच चोर ठरवलं, हजेरी लावली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना विमुक्त म्हटलं गेलं. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही पारध्यांच्या पालावर जाते. या माणसांना पत्ता नसतो, सातबारा नसतो, एका ठिकाणी तीन पिढ्या नसतात. 'हा या भागातला नाही' असं सांगणारं यंत्र हातात आलं तर ते पहिल्यांदा कुणावर चालेल, याचा अंदाज बांधायला मला त्या फौजदारांचं एक वाक्य पुरलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी फक्त त्यांना सोयीचा अर्थ काढला.

आणि यंत्र अगदी बरोबर चाललं तरी माझी भीती कमी होत नाही. २००४ मध्ये लडाखमधल्या लोकांच्या पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा जीवाणू घरातून घरात, आईबापांकडून मुलांकडे जातो. त्याच्या जनुकांवरून बौद्ध कुटुंबं आणि मुसलमान कुटुंबं वेगळी दिसली, जिथे माणसांची स्वतःची जनुकं तेवढं सांगत नव्हती. माणसांच्या जुन्या स्थलांतरांचा मागोवा घ्यायला हे सुंदर साधन आहे. तेच साधन पोलीस ठाण्याच्या टेबलावर ठेवलं की त्याचं काय होईल? जीवाणू घराघरांतून जातात, आणि आपल्याकडे घरं जातीने आणि धर्माने वेगळी बसलेली आहेत.

२०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण घेण्याचा अधिकार दिला, आणि नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची तरतूद केली. डीएनएच्या वापरावर नियमन आणणारं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं, त्यामुळे त्याचं कुंपणही नाही. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, असं नव्या संहितेचं कलम १७६ सांगतं. चांगलंच आहे ते. म्हणजे नमुने वाढणार, लाळेचे बोळे वाढणार. एखाद्या बोळ्यातल्या जीवाणूंची यादी ७५ वर्षं कुठल्याशा संगणकात पडून राहील. ती कुणाच्या तोंडाची, कुणाच्या आजाराची, कुणाच्या व्यसनाची गोष्ट आहे, हे विचारायला तो माणूस तोवर जिवंतही नसेल. माझ्या दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असतं तेव्हा जे मला दिसतं ते मी शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटलाही सांगत नाही.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी अशी. लाळेतल्या किंवा दातांवरच्या जीवाणूंवरून माणसाचा प्रदेश, समाज किंवा मूळ सांगणारा कुठलाही अहवाल आपल्या कुठल्याही प्रयोगशाळेतून जाऊ नये, आणि हे लेखी परिपत्रकाने सांगावं. तपासाची दिशा म्हणून सुद्धा नको. दिशाच चुकली की मग पुरावा तिच्या मागे ओढत नेतात, हे मी केलेलं आहे. जीवाणूंवरून दोन नमुन्यांचं साम्य सांगायचं असेल, तर ती पद्धत महाराष्ट्रातल्या माणसांवर, महाराष्ट्रातल्या उन्हात ठेवलेल्या नमुन्यांवर तपासलेली असावी, आणि ती किती वेळा चुकली ते अहवालातच मराठीत छापलेलं असावं. एका घरातल्या माणसांवर ती चालत नसेल तर तेही तिथेच लिहावं. आणि माणसाच्या डीएनएचा आधार नसताना निव्वळ जीवाणूंवर कुणाला अटक होऊ नये. हे शेवटचं कायद्याच्या भाषेत कसं बसवायचं ते आपण जाणता. मला फक्त ते बसायला हवं आहे.

नुसती मागणी करून थांबत नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. निघण्यापूर्वी शिरूर कासार, पाटोदा, आष्टीकडच्या वस्त्यांवर लाळेचे नमुने घेऊ. त्याच माणसांचे जानेवारीत इकडे तळावर घेऊ. मे महिन्यात ती परत आपल्या गावी असतील, तिथे तिसऱ्यांदा. शेजारीच आमच्या गावच्या, कधी बाहेर न गेलेल्या शेतकऱ्यांचेही घेऊ. हलत्या माणसाच्या तोंडात गाव किती दिवस टिकतं ते मग आपल्याला आपल्या डोळ्यांनी दिसेल. संमतीचा कागद मराठीत, वाचून दाखवलेला, मुकादम जवळ नसताना. नकार दिला तर दात तरीही तपासले जातील. नमुन्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. आणि ते नमुने पोलिसांच्या कुठल्याही साठ्यात जाणार नाहीत, असं आपल्या सहीचं पत्र. पुण्यात हे वाचू शकणारे शास्त्रज्ञ आहेत. दवाखाना, खुर्ची, माझे रविवार माझ्याकडून.

त्या मशेरी लावणाऱ्या बाईला मी हे बोलून पाहिलं. म्हटलं, पुढच्या वर्षी थोडी थुंकी द्याल का नळीत, अभ्यासासाठी? तिने ओठावरची काळी पूड पदराने पुसली आणि विचारलं, "त्याच्यावरून आमच्या माणसांवर केस तर नाही ना करणार?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या जानेवारीत तळावर ती पुन्हा भेटली तर विचारेलच. त्याआधी आपलं पत्र यावं, ही विनंती.

आपली नम्र,
साखरपट्ट्यातली एक दंतवैद्य
जि. सांगली